मोठ्या शिकारीची रायफल

गिरगांवांतल्या, परळांतल्या किंवा लालबागेंतल्या शाळकरी मुलाला जिवंत वाघ पाहावयाचा झाला, तर भायखळ्याच्या राणीच्या बागेचा रस्ता धरावा लागतो. दोनशें वर्षांपूर्वीं मात्र वाघच मुंबईकरांच्या भेटीला येत असे. १८२२ सालीं मलबार टेकडीवर आलेला एक वाघ खालीं उतरून गोवालिया तलावाचें पाणी पिऊन गेला, अशी हकीकत मुंबईच्या जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. गोवालिया तलाव म्हणजे गिरगांवापासून हांकेच्या अंतरावर. तो तलाव पुढें बुजला, तेथें मैदान झालें आणि १९४२ च्या चळवळीनंतर तें ऑगस्ट क्रांति मैदान या नांवानें सर्वतोमुखीं झालें. वाघ गेला तो गेलाच.

राणीच्या बागेंतल्या त्या मुलाला विचारावें कीं, अशा जनावराच्या शिकारीला कोणती बंदूक न्यावी? तो क्षणाचाहि विलंब न लावतां सांगेल, "सर्वांत मोठी." वडील मंडळींचें उत्तरहि बहुधा याहून निराळें असणार नाहीं. जनावर मोठें तर शस्त्र मोठें, हें व्यवहाराला धरून दिसतें. परंतु ज्यांनीं आपलें आयुष्य रानांत काढलें, त्या जाणत्या शिकाऱ्यांनीं हें उत्तर एकमुखानें अमान्य केलें आहे. त्यांनीं तें कां अमान्य केलें, आणि त्या मतभेदाशीं मुंबई शहराचा काय संबंध पोंचतो, हें पाहणें उद्‌बोधक आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. भारतांत आज ही निवड कोणालाहि करावयाची उरलेली नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघासारख्या प्राण्यांच्या हौसेच्या शिकारीचें दार बंद केलें, आणि तें योग्यच झालें. तरीहि जुन्या शिकाऱ्यानें आपलें शस्त्र कसें निवडलें, यांत त्याची विद्या दिसते, त्याचा अहंकार दिसतो, आणि समोरच्या मुक्या जनावराविषयीं आपलें कांहीं देणें लागतें असें त्याला कितपत वाटत होतें, तेंहि दिसतें. म्हणून या विषयाचा विचार आजहि निरर्थक ठरत नाहीं.

प्रथम शस्त्राची ओळख करून घेऊं. साध्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते आणि तिच्यांतून बहुधा छर्रे उडवितात. रायफलीच्या नळीच्या आंत मळसूत्रासारखे आटे कोरलेले असतात. त्या आट्यांमुळें गोळी स्वतःभोंवतीं वेगानें फिरत बाहेर पडते. मुलांच्या हातचा भोंवरा फिरत असतो तोंवर आरेवर ताठ उभा राहतो आणि गति संपतांच कलंडतो. तोच न्याय येथें लागू आहे. फिरणारी गोळी वाटेंत कलंडत नाहीं, म्हणून ती नेमानें जाते.

नळीच्या मापाचा प्रकार अंमळ चमत्कारिक आहे. जुन्या बंदुका 'बोअर'च्या आंकड्यानें ओळखल्या जात. एक रत्तल शिशाच्या, नळीत नेमक्या बसतील अशा, किती गोल गोळ्या होतात तो हा आंकडा. बारा गोळ्या होत असतील तर ती बारा बोअर, आणि चारच होत असतील तर चार बोअर. अर्थात् आंकडा जितका लहान तितकी नळी मोठी. पुढें रायफलीचें माप इंचाच्या हजारांशांत सांगण्याची रीत पडली. '·४५०' म्हणजे एक इंचाचे एक हजार भाग कल्पून त्यांतील साडेचारशें भागांएवढा व्यास. गोळीचें वजन ग्रेनमध्यें देतात. हें माप घरगुती तराजूंत आणणें सोपें आहे, कारण सोनाराच्या एका तोळ्यांत बरोबर १८० ग्रेन मावतात. त्या हिशेबानें चार बोअरची गोल गोळी पावणेदहा तोळ्यांच्या घरांत जाते. '·६००' या सुप्रसिद्ध रायफलीची गोळी ९०० ग्रेनची, म्हणजे नेमकी पांच तोळ्यांची. '·५७७' ची ७५० ग्रेन, म्हणजे चार तोळ्यांहून कांहींशी अधिक. '·४७०' ची ५०० ग्रेन, म्हणजे सुमारें पावणेतीन तोळे. '·३७५' ची ३०० ग्रेन, म्हणजे दीड तोळ्याच्या थोडी वर. आणि '·२७५' ची १४० ग्रेन, म्हणजे पुरता एक तोळाहि नव्हे. पांच तोळ्यांपासून पाऊण तोळ्यापर्यंतचा हा पल्ला आहे. शिकाऱ्यांचा सर्व वादविवाद या पल्ल्यांतलाच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत काळी दारू वापरीत. तिला जोर कमी आणि धूर फार. जोर कमी म्हणून गोळी जड करावी लागे, गोळी जड म्हणून नळी रुंद करावी लागे, आणि नळी रुंद म्हणून धक्का असह्य होई. बार झाल्यावर धुराचा पडदा असा पसरे कीं, जनावर पडलें, पळालें, कीं अंगावर येत आहे, हेंच कित्येक क्षण कळत नसे. नाईल नदीच्या उगमाच्या शोधार्थ गेलेले प्रवासी सर सॅम्युएल बेकर यांच्यापाशीं अर्ध्या रत्तलाचा गोळा फेंकणारी एक अगडबंब रायफल होती. तिचें नांव त्यांनीं थट्टेनें 'बेबी' ठेवलें होतें आणि त्यांचे अरब सोबती तिला तोफेचें पोर म्हणत. ती उडाली कीं जनावर पडे खरें, पण उडविणाऱ्या धिप्पाड बेकरसाहेबांचीहि वाऱ्यानें फिरणाऱ्या कोंबड्यासारखी गिरकी होई. आपल्याला ही रायफल वापरण्याचें भय वाटतें, असें त्यांनीं स्वतः प्रांजळपणें लिहून ठेवलें आहे. ज्या शस्त्राचें धन्यालाच भय, तें शस्त्र कितीहि मोठें असलें तरी त्याचा उपयोग काय?

१८८९ च्या सुमारास कॉर्डाइट नांवाची जवळजवळ निर्धूर दारू निघाली आणि या शास्त्रांत क्रांति झाली. १८९८ सालीं जॉन रिग्बी या प्रसिद्ध कारागिराच्या पेढीनें '·४५० नायट्रो एक्सप्रेस' हें काडतूस बाजारांत आणलें. गोळी ४८० ग्रेनची, आणि नळीतून सुटतांना तिचा वेग सेकंदाला २,१५० फूट. जुन्या चार बोअरच्या गोळीच्या जवळजवळ चतुर्थांश वजनाची ही गोळी. परंतु हाडें फोडून खोल शिरण्यांत तिनें त्या जड गोळ्याला मागें टाकलें. वजनावर वेगानें मात केली ती ही अशी.

या '·४५०' चा पुढील इतिहास हिंदुस्थानाशीं निगडित आहे. सरकारी फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचाहि व्यास तेवढाच होता. शिकारीच्या काडतुसांतील गोळ्या काढून त्या बंडखोरांच्या हातच्या फौजी बंदुकांत वापरल्या जातील, या धास्तीनें १९०७ च्या सुमारास सरकारनें या मापाच्या रायफली हिंदुस्थानांत आणण्यास बंदी केली. तेव्हां लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनीं कायदाहि मोडणार नाहीं आणि गिऱ्हाईकहि जाणार नाहीं अशी तोड काढली. नळी केसभर रुंद करून कोणी '·४६५' काढली, कोणी '·४७०', कोणी '·४७५', तर कोणी '·४७६'. जुन्या याद्यांतील हे आंकडे पाहून नवशिका गोंधळून जातो आणि यांत कांहीं गूढ शास्त्र असेल असें समजतो. वस्तुतः त्यांच्या जन्माचें मोठें कारण म्हणजे एक सरकारी हुकूम. जनावराच्या दृष्टीनें पाहतां या सर्व भावंडांत डावेंउजवें करण्यासारखें फारसें कांहीं नाहीं.

आतां जनावराकडे वळूं. रायफल निवडतांना मुख्य प्रश्न हाच कीं, गोळीला कोणत्या वाटेनें जावयाचें आहे. वाघाचें वजन दोनशें-अडीचशें किलोपर्यंत जातें. पण त्याचें कातडें पातळ आणि शरीर लवचिक असतें. त्याच्यासाठीं टोंकाशीं शिसें उघडें ठेवलेली मऊ गोळी वापरीत. ती आंत शिरतांच फुलते आणि आपला सर्व आघात तेथेंच खर्च करते. सह्याद्रींत, मेळघाटांत आणि ताडोबाच्या रानांत आढळणारा गवा ही निराळीच गोष्ट. पूर्ण वाढलेला नर आठशें ते हजार किलोंचा, खांद्याशीं सहा फूट उंचीचा, आणि मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत मांसाचा जाड कणा असलेला. महाराष्ट्रांत मोठ्या रायफलीची खरी गरज कोणासाठीं भासली असेल, तर ती वाघापेक्षांहि या गव्यासाठीं. मऊ गोळी त्याच्या खांद्यावरच फुलून अडकली, तर जनावर नुसतें घायाळ होतें. म्हणून त्याच्यासाठीं जड आणि खोल जाणारी गोळी हवी. हत्तीच्या मस्तकाचें हाड तर मधमाशांच्या पोळ्यासारखें पोकळ कप्प्यांचें, आणि त्या प्रचंड डोक्यांत मेंदू अगदीं आंत, लहानशा जागेंत दडलेला. तेथें धातूचें अखंड वेष्टण असलेली, न फुलणारी भरीव गोळीच चालते.

मोठ्या मापाच्या बाजूनें जो एकच सबळ मुद्दा आहे, तो येथें न्यायानें मांडला पाहिजे. हत्तीवर झाडलेली गोळी मेंदूला चुकून दोन बोटें बाजूनें गेली, तर '·४७०' च्या आघातानें तो भोंवळ येऊन गुडघे टेकतो आणि शिकाऱ्याला दुसरी गोळी झाडण्यास अवसर सांपडतो. लहान गोळी तशीच चुकली तर हत्तीला तिचा फक्त राग येतो. मोठें माप हें चुकीच्या नेमाला संपूर्ण माफी देत नाहीं. मात्र अगदीं थोडक्या चुकीला थोडी सवलत देतें. त्याचें महत्त्व एवढेंच, याहून अधिक नाहीं.

पुढला प्रश्न दुनळीचा कीं एकनळीचा. दुनळी रायफलींत दोन नळ्या, दोन चाप आणि दोन स्वतंत्र कळा असतात. एक कळ बिघडली तरी दुसरी शाबूत राहते, आणि दुसरा बार काढण्यास बोट मागच्या चापावर नेण्याइतकाच वेळ लागतो. दाट झाडोऱ्यांत वीस पावलांवरून जनावर चाल करून येतें, तेव्हां या सोयीचें मोल करतां येत नाहीं. परंतु दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागीं पडाव्या म्हणून त्या नळ्या हातानें, पुनःपुन्हां बार काढून, एका ठराविक काडतुसाला जुळवाव्या लागतात. तें काम कसबी कारागिराचें असल्यानें दुनळीची किंमत सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेर जाई. आणि काडतूस बदललें कीं जुळणीहि बिघडे. एकनळी मॅगझिन रायफलींत तीन-चार काडतुसें मावतात, किंमत कमी पडते आणि लांबचा नेम चांगला लागतो. पण प्रत्येक बारानंतर खिटी मागेंपुढें करावी लागते. घाईंत ती अर्धवट ओढली गेली तर रायफल अडते.

हिंदुस्थानच्या हवेचा यांत आणखी एक गुण-दोष आहे. कॉर्डाइट उष्णतेनें चेकाळतें. लंडनच्या थंडींत नेमस्त वागणारें काडतूस वऱ्हाड-नागपूरच्या वैशाखांत उन्हांत तापलें, तर त्याचा नळींतील दाब वाढतो आणि रिकामी नळकांडी आंत चिकटून बसते. म्हणून जाणते कारागीर उष्ण देशांसाठीं काडतुसाचें नळकांडें ऐसपैस ठेवीत आणि दाब बेतानें ठेवीत. '·४७०' सारखीं काडतुसें इतकीं लांबरुंद कां दिसतात, याचें उत्तर या दूरदृष्टींत आहे.

यानंतर येतो तो वजनाचा आणि धक्क्याचा विचार. गोळी पुढें जाते तशी रायफल मागें येते. हा धक्का पचविण्यासाठीं रायफल जड करावी लागते. '·६००' ची दुनळी सोळा रत्तलांपर्यंत जाई. '·५७७' ची तेरा-चौदा रत्तल, '·४७०' ची दहा-अकरा, '·३७५' ची नऊच्या आसपास, तर '·२७५' ची साडेसात. चौदा रत्तलांचें ओझें पहांटेपासून दुपारपर्यंत डोंगर चढत वाहावयाचें म्हणजे तें नोकराच्या खांद्यावर देणें ओघानेंच आलें. आणि गवा समोर येतो तो नेमका, रायफल मागच्या माणसाजवळ असते तेव्हां. धक्क्याचें तर याहून वाईट. दोनदां खांदा ठेचून निघाल्यावर तिसऱ्या वेळीं चाप ओढण्याच्या क्षणीं डोळा आपोआप मिटतो आणि हात नकळत आखडतो. मोठें शस्त्र विकत घेतांना माणूस छाती फुगवितो. तें चालवितांना त्याचा डोळा मिटतो, आणि त्या मिटलेल्या डोळ्याची किंमत जनावर भरतें. याच कारणास्तव दस्त्याचें माप अंगरख्याच्या मापासारखें माणसाच्या हाताशीं, खांद्याशीं आणि मानेशीं जुळवून घेत. रायफल खांद्याला लावतांच माशी आपोआप डोळ्यासमोर यावी, शोधावी लागूं नये, हा जुना दंडक होता.

लहान मापाचा कैवार घेणाऱ्यांचें सर्वांत आवडतें उदाहरण डब्ल्यू. डी. एम्. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचें. बेलनें आफ्रिकेंत हजारांवर हत्ती मारले, आणि त्यांतील बहुसंख्य अवघ्या '·२७५' नें. हें वाचून कित्येक उतावळ्यांनीं हलक्या रायफली खांद्यावर टाकल्या. पण बेलनें हत्तीचें मस्तक करवतीनें कापून आंतील मेंदूची जागा अभ्यासिली होती आणि जनावराच्या उभें राहण्याच्या ढबीवरून गोळीची वाट मनांत आंखण्याचा सराव वर्षानुवर्षें केला होता, हें ते विसरले. बेलच्या यशाचें श्रेय गोळीच्या मापापेक्षां त्या अभ्यासाला अधिक. शिवाय एका माणसानें हजार हत्ती मारावे, ही गोष्ट आजच्या काळांत कौतुकाची राहिलेली नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

या दोन टोंकांमधला मध्यम मार्ग १९१२ सालीं हॉलंड अँड हॉलंड या पेढीनें काढला. त्यांच्या '·३७५ मॅग्नम' रायफलीचा धक्का साधारण माणसाला सोसतो, लांबचा नेम लागतो, आणि मोठ्या जनावरालाहि ती पुरते. आफ्रिकेंतील कांहीं देशांत हत्ती-रेड्यांसारख्या धोक्याच्या शिकारीसाठीं किमान माप म्हणून कायद्यानें तेंच ठरविलें आहे. सारांश, जुन्या शिकाऱ्यांच्या मताचा निष्कर्ष असा निघतो: जनावराला निश्चित पुरेल त्याहून लहान माप घेऊं नये, आणि आपण डोळा न मिटतां चालवूं शकूं त्याहून मोठें माप घेऊं नये. या दोन मर्यादांच्या मध्यें ज्याला कांहींच सांपडत नाहीं, त्यानें घरीं बसावें.

हा नियम मोडला तर काय होतें, याचा दाखला कुमाऊंच्या डोंगरांत मिळतो. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनें नेपाळांत आणि नंतर कुमाऊंत मिळून ४३६ माणसें मारली. १९०७ सालीं जिम कॉर्बेट यांनीं तिला ठार केलें. तिचें तोंड उघडून पाहतां, उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला आणि खालचा मुळापासून नाहींसा झालेला आढळला. तो बंदुकीच्या जुन्या गोळीचा परिणाम होता, आणि त्यामुळें नेहमींची शिकार पकडणें अशक्य होऊन ती माणसांवर वळली, असें अनुमान कॉर्बेट यांनीं लिहून ठेवलें आहे. कोणी एक अज्ञात माणूस. त्यानें एक बार काढला. तो बाजूला लागला. वाघीण झाडींत निसटली आणि तो घरीं परतला. कदाचित् त्या रात्रीं त्यानें आपल्या शौर्याची गोष्टहि सांगितली असेल. त्या एका सुटलेल्या गोळीचा हिशेब पुढें गवत कापणाऱ्या बायकांनीं, लाकडें गोळा करणाऱ्या पोरींनीं आणि त्यांच्या घरच्यांनीं चुकता केला. त्याची रायफल लहान होती कीं त्याचा नेम वाईट होता, हें कोणालाच ठाऊक नाहीं. पण रक्ताच्या मागावर शेवटपर्यंत जाण्याचें कर्तव्य त्याच्या हातून तडीस गेलें नाहीं, एवढें उघड आहे.

खुद्द कॉर्बेट यांनाहि त्या दिवशीं धडा मिळाला. हाकाऱ्याच्या वेळीं त्यांच्याजवळ '·५००' ची रायफल होती. माप उत्तम होतें, परंतु काडतुसें त्यांनीं तीनच आणलीं होतीं. तिन्ही संपलीं तेव्हां वाघीण घायाळ होऊन समोर उभीच होती. तेव्हां धांवत जाऊन त्यांनीं तहसीलदाराची जुनाट बंदूक हिसकावून घेतली. तिच्या नळ्या आणि कळ यांच्यामध्यें चांगली फट पडली होती. वीस फुटांवरून झाडलेली तिची गोळी नेमाच्या जागीं लागलीच नाहीं. वाघीण आधींच्या जखमांनीं मरणाच्या दारीं टेकली होती, म्हणून प्रसंग निभावला. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं कॉर्बेट यांना एक रायफल नजर केली. ती कोणत्या मापाची असावी? बेलच्या आवडीची तीच हलकी '·२७५' रिग्बी. घायाळ जनावराच्या मागावर जातांना मात्र पुढील काळांत त्यांच्या हातीं '·४५०/४००' ची दुनळीहि असे. सव्वादोन तोळ्यांच्या आंतबाहेरची ही गोळी, म्हणजे मध्यम मापच.

हीच कथा आतां मुंबईकडे वळते, कारण कॉर्बेट यांचें 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' हें पुस्तक १९४४ सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेनेंच प्रथम जगापुढें आणलें. पण शिकारीच्या विद्येशीं मुंबईचें नातें त्याहूनहि जुनें आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं राणीच्या बागेंतील म्युझियमांत, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. संस्थेच्या आरंभींच्या मंडळींत मध्य प्रांतांतील शिवनीच्या रानांवर पुस्तक लिहिणारे आर. ए. स्टर्नडेल हे नामांकित शिकारीहि होते. १८८६ पासून संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें, आणि देशभरच्या शिकाऱ्यांनीं त्यांत आपले अनुभव लिहून धाडले. शिकारी मंडळींत वाघाची लांबी मोजण्यावरूनहि रणें माजत: पाठीच्या वळणावरून फीत टाकावी, कीं नाकाशीं आणि शेपटीच्या टोंकाशीं खुंट्या मारून सरळ अंतर मोजावें? पहिल्या रीतीनें वाघ कित्येक इंच वाढे आणि शिकाऱ्याची प्रतिष्ठाहि तेवढीच वाढे. खुंट्यांची रीत प्रमाण मानली जाऊं लागली, तेव्हां प्रौढीच्या जागीं सत्य आलें. आणि जनावर हें केवळ लक्ष्य न राहतां अभ्यासाचा विषय झालें.

या परिवर्तनाचें जिवंत उदाहरण गिरगांवनेंच दिलें. १८९६ सालीं जन्मलेले सालिम अली लहानपणींच मातापित्यांना अंतरले आणि खेतवाडींत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरीं वाढले. मामा स्वतः शिकारी. मुलाच्या हातीं त्यांनीं हवेची बंदूक दिली, आणि मुलाची महत्त्वाकांक्षा काय, तर मोठें होऊन मोठ्या जनावरांचा शिकारी व्हावें! एके दिवशीं त्यानें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हें मामांना सांगतां येईना, तेव्हां त्यांनीं भाच्याला चिठ्ठी देऊन सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडलें. मिलर्डसाहेबांनीं चिमणी ओळखली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले, आणि खेतवाडींतल्या त्या मुलाचें आयुष्य निराळ्या वाटेला लागलें. त्याच्या हातची बंदूक सर्वांत लहान होती. तरी पडलेल्या जीवाचें नांव विचारण्याची बुद्धि त्याला झाली. १९४१ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' घरोघर गेलें. संस्थेचे क्यूरेटर एस. एच. प्रेटर यांनीं १९४८ सालीं हिंदी सस्तन प्राण्यांवरील ग्रंथ लिहून तेंच कार्य पुढें नेलें.

शिकाऱ्यांचेंहि मन पालटत होतें. एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्यानें १९२७ सालीं वाघांच्या छायाचित्रांचें पुस्तक काढलें, आणि उतारवयांत कॉर्बेटहि रायफलीऐवजीं कॅमेरा घेऊन बसूं लागले. १९५१ सालीं मुंबई राज्यानें वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कोल्हापूरच्या छत्रपतींचें शिकारीचें राखीव रान असलेलें दाजीपूर १९५८ सालीं गव्यांचें अभयारण्य झालें. ज्या रानांत गव्यासाठीं मोठ्या रायफली भरल्या जात, त्याच रानांत गव्याला अभय मिळालें. १९७२ चा कायदा आणि १९७३ चा व्याघ्रप्रकल्प हीं त्याच वाटेवरचीं पुढचीं पावलें.

दादरच्या किंवा गिरगांवच्या एकाद्या जुन्या बिऱ्हाडांत आजोबांची दुनळी किंवा भिंतीवरचें वाघाचें मुंडकें अद्यापि असूं शकेल. अशा घरांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावांचून रायफल ठेवतां येत नाहीं. आजोबांचा परवाना नातवाला आपोआप लागू होत नाहीं. मुंडक्या-कातड्यांसाठींहि मालकीचा दाखला लागतो आणि वाघाच्या कातड्याची विक्री तर मुळींच करतां येत नाहीं. वारसा म्हणून शस्त्र येतें, तेव्हां त्याची जबाबदारीहि त्याच पेटींतून येते.

काळा घोड्याजवळच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, प्रेटर यांच्या देखरेखीखालीं घडलेल्या दालनांत, कांचेआड एक गवा उभा आहे. त्याच्यासमोर उभें राहिलें म्हणजे त्याच्या खांद्याची उंची आणि मानेची जाडी पाहून मोठ्या रायफलीची गरज शिकाऱ्यांना कां वाटली, तें न सांगतां कळतें. मुलांना तेथें अवश्य न्यावें. आणि मुलानें विचारलें कीं, याला मारायला केवढी बंदूक लागत असेल, तर तोळ्यांचा हिशेब जरूर सांगावा. पण त्याबरोबर चंपावतच्या त्या तुटक्या सुळ्याची गोष्टहि सांगावी. ती ऐकल्यावर मूल बहुधा दुसरा प्रश्न विचारील, "तो पहिला माणूस तिच्या मागें कां गेला नाहीं?" मोठ्या शिकारीच्या सर्व विद्येंत याहून मोठा प्रश्न नाहीं.